दगडावरची नारिंगी खपली आणि कोरपन्याची हवा

कोरपना तालुक्यातील हवेची चर्चा बहुतेक वेळा धुरांड्यांकडे बोट दाखवून सुरू होते आणि आरोप-खुलाशांवर संपते. गडचांदूर, आवारपूर, नारंडा, उपरवाही ही नावे राज्याला माहीत झाली ती सिमेंटमुळे. पैनगंगेच्या काठाने पसरलेली चुनखडी हे या तालुक्याचे धन आणि त्या चुनखडीची धूळ हे त्याचे दुखणे. शेजारी कोळशाच्या खाणी आणि चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. ७० गुणांच्या पुढे गेलेले क्षेत्र अतिप्रदूषित समजले जाते. पुढे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही चंद्रपूरचे नाव आले.

हवा मोजणारी यंत्रे महाग असतात. ती मोजक्या ठिकाणी बसतात आणि जिथे बसवली तिथलीच हवा मोजतात. गावाच्या टोकावरचा चिंचेचा बुंधा, खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी किंवा पऱ्हाटीच्या शेताचा बांध यांपर्यंत ती पोहोचत नाहीत. तिथे वर्षानुवर्षे हवा अंगावर घेत बसलेला एक जीव मात्र असतो. दगडावर, जुन्या भिंतीवर, झाडाच्या सालीवर रंगाचा शिंतोडा पडावा तसा तो दिसतो आणि बहुतेकांना तो डागच वाटतो. मराठीत त्याला शैवाक म्हणतात. त्याच्याकडून हवेविषयी पुष्कळ काही कळते. मात्र ते नीट वाचले नाही तर उलटाच अर्थ निघण्याची भीती असते आणि कोरपन्यासारख्या ठिकाणी ती जास्तच आहे.

शैवाक महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला अनोळखी नाही. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे आणि एक वनस्पतीही नव्हे. बुरशी आणि शैवल यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी व खनिजे धरून ठेवते. आत राहणारे हिरवे शैवल उन्हावर साखर तयार करते आणि त्यातील मोठा वाटा बुरशीला मिळतो. काही शैवाकांत शैवलाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला सायनोबॅक्टेरिया असतात.

ठेवणीवरून शैवाकांचे ढोबळ तीन प्रकार पडतात. झुडपासारखे किंवा दाढीसारखे लोंबणारे, पानासारखे पसरणारे आणि खपलीसारखे चिकटून बसणारे. दगडफूल दुसऱ्या प्रकारातले, म्हणून ते सोलून काढता येते. खपलीसारखा शैवाक मात्र खालच्या बाजूने पूर्णपणे दगडात किंवा सालीत रुतलेला असतो. तो काढायचा तर दगडाचा टवकाच काढावा लागतो. चुनखडीच्या प्रदेशात या तिसऱ्या प्रकाराचे महत्त्व मोठे आहे आणि त्यातही एका प्रजातीचे, कॅलोप्लाका हिचे.

कॅलोप्लाका हे नाव थिओडोर फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८६० मध्ये रूढ केले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो सुंदर ठिगळ. पिवळ्या, नारिंगी, शेंदरी रंगांच्या या खपल्या चुनखडी, चुन्याचे बांधकाम, सिमेंटचे कठडे, कौले आणि काही झाडांच्या साली यांवर जगभर आढळतात. या नावाखाली एके काळी पाचशेहून अधिक जाती मोजल्या जात. २०१३ मध्ये जनुकीय अभ्यासाच्या आधारे त्यातील बऱ्याच जाती वेगळ्या नव्या प्रजातींत घातल्या गेल्या. त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तकांत एकाच खपलीची दोन नावे सापडतात. वाचकाने गोंधळून जाऊ नये. ठेवण आणि रसायन यांची मुख्य ओळख बदललेली नाही.

ही खपली बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. काही जातींत ती भेगाळलेल्या चिखलासारखी तुकड्यातुकड्यांची दिसते, काहींत कडेला बारीक पाकळ्या फुटतात. काहींचे शरीर चुनखडीच्या आतच लपलेले असते आणि दगडावर दिसतात त्या फक्त नारिंगी टिकल्या. या टिकल्या म्हणजे बुरशीची फळे. त्यांचा व्यास साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो आणि भोवती बहुधा एक कड असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील बीजाणू पाहिले की प्रजातीची खूण पटते. प्रत्येक बीजाणूच्या दोन टोकांना दोन पोकळ्या आणि मधल्या जाड भिंतीतून गेलेली एक बारीक नळी असते. डमरूची आठवण व्हावी असा हा आकार या कुळाबाहेर क्वचितच दिसतो.

वाढ फार सावकाश होते. खपलीसारखे शैवाक वर्षाला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी पसरतात. तळहाताएवढी खपली म्हणजे कित्येक दशकांची पुंजी. या शैवाकाला मुळे नाहीत. पानावर असते तसे पाणी अडवणारे मेणचट आवरणही नाही. पाऊस, दव आणि वाऱ्यावर आलेली धूळ यांतूनच त्याला सारे मिळते. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा असा शैवाक वाळून जवळजवळ निर्जीव होतो आणि पहिल्या पावसात पुन्हा कामाला लागतो. याच कुळातील एक नारिंगी शैवाक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर सुमारे दीड वर्ष ठेवला होता. पृथ्वीवर परत आल्यावर त्यातील काही भाग जिवंत निघाला. मात्र हवेपासून स्वतःला झाकून घेण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नाही. हवेत जे असेल ते त्याच्या अंगात उतरते. म्हणूनच तो हवेचा साक्षीदार ठरतो.

आता त्याच्या रंगाविषयी. हा रंग मुख्यतः पॅरिएटिन नावाच्या द्रव्याचा. रसायनशास्त्रात ते अँथ्राक्विनोन गटात मोडते. रेवंदचिनीच्या मुळातही हेच द्रव्य सापडते. शैवाकात त्याचे बारीक स्फटिक वरच्या थरात साठतात आणि निळा व अतिनील प्रकाश शोषून खालच्या शैवलाला उन्हापासून वाचवतात. त्यामुळे उघड्यावरची खपली गडद आणि सावलीतली फिकट असते. प्रजातीतील काही जातींच्या राखाडी शरीरात हे द्रव्य नसते, ते फक्त फळांत असते. केवळ रंगावरून नाव ठरवू नये ते यामुळेच.

पॅरिएटिनची ओळख पटवण्याची रीत सोपी आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा एक थेंब नारिंगी खपलीवर टाकला की ती क्षणात जांभळट लाल होते. हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो, हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. इथे द्रव्य वेगळे असले तरी गोष्ट त्याच जातीची: अल्कलीच्या संगतीत रंगद्रव्याच्या रेणूतील हायड्रोजन सुटतो आणि रंग पालटतो. शैवाकांत अशी एक हजाराहून अधिक द्रव्ये आजवर नोंदली गेली आहेत आणि त्यांतील बहुतेक इतर सजीवांत आढळत नाहीत. हे द्रावण कॉस्टिक असते. ते कातडी आणि डोळ्यांना इजा करते, म्हणून हा प्रयोग शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोरच व्हावा.

थेंबाची ही चाचणी रूढ करणारा माणूस आणि शैवाकांवरून शहराची हवा ओळखता येते हे दाखवणारा माणूस एकच होता. विल्यम नायलँडर हा फिनलंडचा शास्त्रज्ञ पॅरिसमध्ये राहत असे. १८६६ मध्ये त्याने रासायनिक चाचणीची पद्धत मांडली आणि त्याच वर्षी लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांची यादी प्रसिद्ध केली. शहरात इतरत्र जे शैवाक दिसत नाहीत ते या बागेत आहेत, कारण इथली हवा अधिक निरोगी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हवेतले रसायन मोजणारी आजची यंत्रे तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

त्यानंतर शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये या निरीक्षणाला मोजपट्टी मिळाली. डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी १९७० मध्ये झाडांवरील शैवाकांवरून हवेतील सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधणारी श्रेणी प्रसिद्ध केली. कोळशाच्या धुरातला हा वायू शैवाकाच्या ओल्या अंगात विरघळतो आणि शैवलातील हरितद्रव्य नासवतो. दाढीसारखे शैवाक सर्वांत आधी जातात, मग पानासारखे आणि शेवटी काही चिवट खपल्या तेवढ्या उरतात. हवा फारच बिघडली की त्याही जातात. इटलीच्या व्हेनेटो प्रांतात सहाशेहून अधिक ठिकाणी शैवाकांची विविधता मोजून तिची तुलना फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या तरुण पुरुषांच्या मृत्यूंशी केली गेली आणि १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये ती प्रसिद्ध झाली. जिथे शैवाक कमी तिथे मृत्यूंचे प्रमाण जास्त, असा संबंध दिसला. शैवाक कमी झाल्याने माणसे आजारी पडली असा याचा अर्थ नाही. दोघेही एकाच हवेत होते, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंतचे गणित सरळ दिसते: शैवाक आहेत तर हवा चांगली, नाहीत तर वाईट. कोरपन्यात हे गणित तसेच्या तसे वापरले तर फसगत होईल. त्याचे कारण चुनखडी.

कॅलोप्लाकाला चुना मानवतो. चुनखडीवर या शैवाकासारख्या खपल्या सुखाने नांदतात आणि आम्लधर्मी वायूचा मारा झाला तरी तग धरतात, कारण दगडातला चुना आम्ल मारून टाकतो. इंग्लंडच्या धुरकट शहरांत झाडे उघडी पडली होती, तेव्हाही चुन्याच्या भिंतींवर असे शैवाक टिकून होते. झाडाची साल मात्र सहसा आम्लधर्मी असते, त्यामुळे एरवी तिच्यावर वेगळे शैवाक वाढतात. चुनखडीची किंवा सिमेंटची धूळ वर्षानुवर्षे सालीवर बसली की सालीचा गुणधर्मच पालटतो आणि ती अल्कधर्मी होते. मग सालीचे मूळचे शैवाक हटतात आणि दगडावर शोभणाऱ्या नारिंगी-पिवळ्या जाती झाडावर येऊन बसतात. खाणींच्या आणि सिमेंट कारखान्यांच्या परिसरात असे बदल युरोपात नोंदले गेले आहेत.

म्हणजे एखाद्या गावातील झाडांचे बुंधे नारिंगी खपल्यांनी भरून गेले, तर ते स्वच्छ हवेचे प्रमाणपत्र नव्हे. तीच खपली चुनखडीच्या खडकावर असेल तर निसर्गाचा नित्यक्रम. पण एरवी आम्लधर्मी असणाऱ्या सालीवर ती माजली असेल तर धुळीची नोंद असू शकते. नत्रयुक्त धूळ, गुरांचा गोठा किंवा पक्ष्यांची विष्ठा यांनीही अशा काही जाती फोफावतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कोळशाचा धूर आणि चुन्याची धूळ जिथे एकत्र येतात, तिथे एकाचे आम्ल दुसऱ्याच्या चुन्याने दबते आणि चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. झाडावर किती हिरवे-नारिंगी दिसते यापेक्षा कोणती जात, कशावर आणि कोणाच्या जागी आली आहे, हे पाहणे महत्त्वाचे.

या बारकाव्याला किंमत आहे, कारण हिरवळ हे प्रदूषणाच्या वादातले लाडके उत्तर आहे. झाडे लावली, हिरवा पट्टा उभा केला, बघा सगळे कसे तरारले आहे, असे सांगितले जाते. दुसरीकडे एखाद्या झाडाचा उघडा बुंधा दाखवून सारा परिसर मेला असेही म्हटले जाते. दोन्ही वाचने घाईची आहेत. शैवाकांची नोंद पद्धतशीर घेतली तर कारखानदार, गावकरी आणि प्रशासन या तिघांनाही नाकारता येणार नाही असा पुरावा तयार होतो.

पद्धत उपलब्ध आहे. झाडांवरील शैवाकांवरून हवेचे सर्वेक्षण कसे करावे याचे युरोपीय मानक २०१४ पासून आहे. त्यात बुंध्यावर जमिनीपासून एक मीटर उंचीवर चारही दिशांना जाळी लावतात. प्रत्येक जाळीत १० सेंटिमीटर बाजूचे पाच चौकोन एकाखाली एक असतात. कोणती जात किती चौकोनांत दिसली एवढेच मोजायचे. हे मानक जसेच्या तसे इथे लागू पडणार नाही. कोरडा पानझडी प्रदेश, सागाची साल, पावसाचे चार महिने आणि बाकीचे ऊन यांचा विचार करून ते जुळवून घ्यावे लागेल. मूळ नियम मात्र सोपे आहेत: एकाच जातीची, सारख्या वयाची सरळ झाडे निवडायची, कारखान्यापासून आणि खाणीपासून वाढत्या अंतरावर ती घ्यायची, माणिकगडच्या डोंगरातील जंगलासारखी दूरची झाडे तुलनेला ठेवायची, सालीचा सामू मोजायचा आणि दर काही वर्षांनी त्याच झाडांकडे परतायचे.

हे काम करण्यासाठी परदेशी तज्ज्ञांची वाट पाहण्याची गरज नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील खपलीसारख्या शैवाकांवर अनेक वर्षे काम केले आणि कित्येक नव्या जाती जगासमोर आणल्या. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे आणि प्रदूषणाच्या नोंदीसाठी त्यांचा वापर करण्याचा अनुभवही. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ आणि त्याच्याशी जोडलेली महाविद्यालये यांच्या विद्यार्थ्यांना याहून जवळची प्रयोगशाळा मिळणार नाही. नमुना ओळखण्याचे काम तज्ज्ञांचे. झाडे ठरवणे, जाळी लावणे, छायाचित्रे काढणे, सामू मोजणे हे विद्यार्थी करू शकतात.

अर्थात शैवाक यंत्राची जागा घेऊ शकत नाही. देशाच्या मानकानुसार हवेतील १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ४० च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा याहून खूप कडक, अनुक्रमे १५ आणि ५ आहेत. फुप्फुसात खोल जाणारे हे सूक्ष्म कण खपलीकडे पाहून मोजता येत नाहीत. दम्याच्या रुग्णाने आज बाहेर पडावे की नाही, हे यंत्रच सांगेल. यंत्र कुठे बसवावे, गेल्या वीस वर्षांत धूळ कुठवर पोहोचली आणि उपायांनंतर फरक पडला का, या प्रश्नांवर मात्र शैवाकाची साक्ष उपयोगी पडते. ज्या गावांच्या बुंध्यांवर धुळीच्या खुणा ठळक दिसतील, तिथे आधी यंत्र आणि आधी श्वसनविकारांची तपासणी, असा क्रम लावता येईल.

शैवाक अंगावर जे घेतो ते साठवूनही ठेवतो. जड धातू त्याच्यात जमतात, म्हणून रस्त्याकडेचे किंवा कारखान्याजवळचे कोणतेही शैवाक औषध किंवा मसाला म्हणून वापरू नयेत. पॅरिएटिनने रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखल्याचे प्रयोगशाळेतील संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेवढ्यावरून नारिंगी खपली हे औषध ठरत नाही. युस्निक आम्ल या दुसऱ्या शैवाकद्रव्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. ते घातलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांमुळे यकृताला गंभीर इजा झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००१ मध्ये इशारा द्यावा लागला होता. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत इथेही टिकत नाही.

कोरपन्याच्या धुळीवर आजवर निवेदने झाली, बैठका झाल्या. त्यात तालुक्यातील काही बुंध्यांची आणि दगडांची पद्धतशीर नोंद जोडली गेली, तर खर्च फारसा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने, विद्यापीठाने आणि कारखान्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीने मिळून ती हाती घ्यावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. पहिली नोंद जितकी लवकर होईल तितकी पुढची तुलना भक्कम. वर्षाला मिलिमीटरभर वाढणाऱ्या जीवाच्या बाबतीत वाया गेलेली दहा वर्षे नंतर भरून काढता येत नाहीत.